पुसलेलं शून्य

तिसरीतून शाळा सोडून मी बोटीने मुंबईला आलो आणि परळच्या एका गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात लागलो. दीड वर्षात तिथली धूळ छातीत बसली. खोकला हटेना तेव्हा एका भल्या कारकुनाने माझ्यासाठी शब्द टाकला आणि मला सूत तपासायच्या खोलीत घेतलं. त्यांचे उपकार मी आजही मानतो. त्या खोलीला खिडकी होती, शिवडीकडचा वारा आत यायचा.

काम सोपं दिसे. ठरावीक वार सूत रिळावर गुंडाळायचं, काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोलायचं आणि छापील कोष्टकात पाहून त्याचा नंबर पाटीवर लिहायचा. सूत जितकं बारीक तितका नंबर मोठा. आम्हाला वीस नंबर हवा असे. पाव नंबर इकडेतिकडे चाले, जास्त फरक पडला की साच्याचं, म्हणजे सूत कातायच्या यंत्राचं, चाक बदलायचं.

शेजारी काम करणारा माझ्याच वयाचा, माझ्याच तालुक्यातला, एकाच खाणावळीत जेवणारा. पण तो सहावी पास. खाणावळीच्या बाई गावची पत्रं त्याच्याकडून वाचून घेत, म्हणून बांगड्याचा मधला तुकडा त्याच्या ताटात पडे आणि शेपूट माझ्या. मी रोज बघत असे. सांगायला लाज वाटते, पण माझा घास तिथेच अडकायचा.

एका मंगळवारी कोष्टकात २०.१५ निघाले. पावकी-निमकी मला तोंडपाठ होती, पण हे टिंब तिसरीपर्यंत कुणी दाखवलं नव्हतं. टिंबापुढे पंधरा, म्हणजे सोळातले पंधरा आणे, म्हणजे जवळजवळ एकवीसच झाले, असं मी धरलं. तसं सांगितलं आणि चाक बदललं गेलं. दुपारपर्यंतचं सूत जाड निघालं. आमच्या खात्याचे मास्तर ओरडले नाहीत. शनिवारी विचारीन, येत नसेल तर परत कापसात जा, एवढंच म्हणाले. माझा खोकला तेव्हाच वर आला.

त्याच संध्याकाळी खाणावळीच्या ओट्यावर तो आपणहून पाटी घेऊन बसला. मी मागितलं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. त्याने शतंचा दहावा भाग विचारला, मी दहं म्हणालो. दहंचा विचारला, एकं म्हणालो. एकंचा दहावा भाग विचारला तेव्हा मी पाटी त्याच्याकडे ढकलली. एकंच्या उजवीकडे माझ्या लेखी भिंतच होती.

"भिंत नाही रे ती. टिंब म्हणजे एकं कुठे संपलं त्याची खूण. पुढचं घर दहाव्याचं, त्यापुढचं शंभराव्याचं. तुझ्या पंधरात एक दहावा आणि पाच शंभरावे. आणे कुठले आणतोस, मेल्या?"

मग त्याने २०.०५ लिहिले. ते शून्य दहाव्याचं घर धरून बसलंय, ते उठलं तर पाच त्याच्या जागी सरकून दसपट होईल, असं म्हणाला. मला लख्ख समजलं. आणि समजल्यावर आधी काय वाटलं, तर याला हे सगळं बाराव्या वर्षीच मिळालं होतं.

शनिवारी त्याच्या पाटीवर नेमके २०.०५ होते. तो पाणी प्यायला गेला. मी अंगठा ओला केला आणि शून्य पुसून शेजारचं टिंब नीट केलं. २०.५ झाले. चाक बदललं गेलं असतं, आणि या खेपेला चुकीसाठी नाव त्याचं निघालं असतं.

मास्तर आणि तो बरोबरच दारात आले. त्याने पाटीकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या अंगठ्याकडे पाहिलं, पेन्सिल उचलून शून्य परत मांडलं आणि पाटी पुढे केली. मास्तरांनी ती वाचून मला विचारलं, हे बारीक की २०.१? मी म्हणालो, २०.१. का, तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ते गेले.

आम्ही दोघेच उरलो. तो रीळ फिरवू लागला.

"बरोबर तेवढंच पुसलंस," तो म्हणाला. "समजलं नसतं तर पाच पुसला असतास."

 माझी जागा टिकली होती. त्याचे पाय धरावेत असं वाटत होतं. पण मला पकडूनही त्याचा हात रिळावर एका चालीत फिरत होता, ते मला बघवेना.