कोळीवाड्यात ठेवलेलं प्रस्थान

युरोपला निघालेलं विमान वाटेत इराकातल्या बसऱ्याला पोचलंच नाही, हे आम्हाला समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी सांगितलं. ते सकाळी कचेरीला म्हणून निघाले होते आणि स्टेशनवरूनच वर्तमानपत्र घेऊन परत आले. त्यांनी दारातूनच ह्यांना हाक मारली, बातमी वाचून दाखवली आणि पेपर आमच्याकडे ठेवून गेले. मुंबईहून खलाशी घेऊन गेलेलं विमान, ठावठिकाणा नाही, शोध चालू आहे. त्या विमानात माझी नणंद होती.

सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. हे कपडे करून मुंबईला विमान कंपनीच्या कचेरीकडे निघाले. मी चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं आणि ठाण्याची गाडी धरली. ज्यानं तिकीट दिलं तो ठाण्याला खाडीकाठच्या कोळीवाड्यात राहत होता. तो पळून जायच्या आत मला त्याला गाठायचं होतं.

वन्सं डॉक्टर होत्या. लग्न केलं नव्हतं. कल्याणच्या एका दवाखान्यात क्षयाचे रोगी बघायच्या. वीटभट्टीवरच्या बायकांना हा रोग कसा लागतो यावर त्यांनी काही लिहिलं होतं, आणि युरोपात डॉक्टरांची परिषद भरणार होती, तिथून ते वाचायला या म्हणून बोलावणं आलं. राहायची-जेवायची सोय तिकडचे करणार. जाण्यायेण्याचं ज्याचं त्यानं बघायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यांचं लिखाण मला कळलं नाही. एवढं कळलं की बोटीनं जायला दवाखाना तेवढी रजा देत नाही, आणि विमानाच्या तिकिटात तेव्हा डोंबिवलीला जागा घेऊन वर दोन खोल्या बांधता आल्या असत्या.

मग स्वस्त तिकिटाची शोधाशोध सुरू झाली. रजा टाकून वन्संनी फोर्टातल्या विमान कंपन्यांच्या कचेऱ्या पालथ्या घातल्या. तिथं पंख्याखाली बसवायचे, सरबत द्यायचे आणि मग भाडं सांगायचे. एकानं सुचवलं, गर्दी नसते त्या महिन्यांत जा. आता परिषद काय वन्संसाठी पुढं ढकलणार होते? दुसरा म्हणाला, ठिकठिकाणी थांबत जाणारं विमान घ्या. तेही परवडेना. वन्सं घरी येऊन पायांना तेल चोळत बसायच्या.

त्यात हा माणूस निघाला. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या ओळखीचा. त्याचा धंदा खलाशी पुरवायचा. परदेशात कोणी बोट विकत घेतली की ती चालवत आणायला इथून माणसं जायची, आणि त्यांना न्यायला अख्खं विमान भाड्यानं घेतलेलं असायचं. त्यात खुर्च्या रिकाम्या राहिल्या की हा त्या विकायचा. भाडं निम्म्याहून कमी. येतानाचंही असंच एखादं विमान बघून देतो म्हणाला.

तो घरी आला तेव्हा मी त्याला मागच्या फळीवरच्या वेगळ्या कपात चहा दिला. तेव्हा तशी रीत होती. त्यानं कप ओळखला असणार, पण प्याला. मी विचारलं, एवढं स्वस्त का?

"वहिनी, खुर्ची रिकामी गेली तरी पेट्रोल तेवढंच जळतं."

"मग फुकटच न्या की."

तो हसला. मी हसले नाही. जाताना म्हणाला, काळजी करू नका, माझा धाकटा भाऊसुद्धा याच विमानानं जातोय. विकणारा प्रत्येक माणूस असं सांगतो. वांगी विकणारीसुद्धा सांगते की आज आमच्याकडं हीच भाजी आहे.

मी वन्संना म्हटलं, हा पैसे घेऊन गायब होणार, नाहीतर भलत्याच कुठल्या गावाला नेऊन सोडणार. बाईमाणूस एकटी, सगळे खलाशी. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, फसले तर पैसे जातील. पण या बाजारात माझ्यापुढं दुसरी खुर्चीच नाही." पैसे त्यांच्या कमाईचे होते, त्यामुळं मला पुढं बोलता येईना.

विमान सुटायचं होतं अमावास्येला. सासूबाईंनी धोशा लावला की प्रस्थान ठेवल्याशिवाय मुलगी घराबाहेर पडणार नाही. निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवासाचं गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात, म्हणजे माणूस त्याच दिवशी निघाला असं धरलं जातं. मग जाताना ते उचलून पुढं जायचं. घरी परत आणायचं नाही. आम्ही ते नेहमी नात्यातल्यांकडे ठेवायचो. मी मात्र ठरवलं की या खेपेला त्या माणसाकडेच ठेवायचं. त्यानं दिलेला पत्ता खरा आहे का, घरात बायकामाणसं आहेत का, हे बघायला याहून चांगलं निमित्त मला मिळणार नव्हतं. सासूबाईंना सांगितलं, ठाण्याला ओळखीच्यांकडे ठेवते. कोणाकडे ते सांगितलं असतं तर त्यांनी अंगारा लावून मलाच घरात बसवलं असतं.

गाठोड्यात मी विणलेला स्वेटर, मूठभर तांदूळ, हळकुंड आणि एक सुपारी. वर माझी गाठ.

घर खरं निघालं. पुढं बोंबील वाळत घातलेले, दारात जाळं. तो कामावर गेलेला, घरी त्याची म्हातारी आई. तिनं गाठोडं हातात घेऊन विचारलं, यात काय हाय? मी एकेक सांगितलं. सुपारी कशाला, म्हणाली. मी म्हटलं, ती माणसाच्या जागी.

"बाय, माजा धाकला पन त्याच इमानान चाललाय," ती म्हणाली.

तिला पढवून ठेवलेली आहे, असं मला वाटलं. धाकट्याला जरा बोलवा म्हटलं तर म्हणे होडी घेऊन गेलाय. मी खाडीकडे बघितलं. होड्या पुष्कळ होत्या, त्यात ह्याचा धाकटा कोणता हे कोणी सांगावं.

जायच्या दिवशी आम्ही तिघं ठाण्याला उतरलो आणि मी गाठोडं घेऊन आले. गाठ माझी नव्हती. स्टेशनच्या बाकावर मी ते उघडलं. स्वेटर होता, तांदूळ होते, हळकुंड होतं, आणि सुपाऱ्या दोन होत्या. स्वेटरला सुकटीचा वास मारत होता. मी म्हटलं, ही करणी आहे, फेकून द्या. हे म्हणाले, कोणाच्या तरी हातून चुकून पडली असेल. वन्संनी ती जादा सुपारी उचलून कोटाच्या खिशात टाकली.

"असू दे वहिनी. विमानात जेवण झाल्यावर खाईन. आणि हा स्वेटर घातला की परिषदेत माझ्या शेजारी कोणी बसणार नाही, तेवढीच ऐसपैस जागा."

विमानतळावर आम्हाला कठड्यापाशी अडवलं. खलाशांचा घोळका विमानाकडे चालला होता, त्यात वन्संची निळी साडी तेवढी दिसत होती. धाकटा कोणता ते मी शोधत होते. सगळे एकसारखे काळे कोट घातलेले.

आणि आता मी पुन्हा त्याच घरापुढं उभी होते. दार उघडं होतं. तो पळाला नव्हता. बोंबलांच्या काठ्यांखाली जमिनीवर बसला होता आणि मला बघून उठलाही नाही.

"आमच्या वन्सं कुठं आहेत?" मी विचारलं.

"माझा भाऊ आहे तिथंच, वहिनी."

तरी माझा विश्वास बसेना. संकटात सापडलेला माणूस काहीही बोलतो. एवढ्यात म्हातारी बाहेर आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुझ्या गाठोड्यात मी माज्या पोराची सुपारी घातली व्हती. दोगंबी संगतीच चाललीत, त वेगलं गाठोडं कशाला?"

मग मी बसले. शेजारच्या बायका जमलेल्या होत्या, त्यांनी मला जागा करून दिली. म्हातारीनं चहा दिला. घरातले सगळे ज्या कपांतून पीत होते तसाच कप होता. मी प्याले. तो मधूनमधून तारऑफिसात जाऊन यायचा आणि परत काठ्यांखाली बसायचा.

दिवेलागणीच्या आधी हे मुंबईहून थेट तिथं आले. विमानाच्या इंजिनानं पेट घेतला होता आणि चालवणाऱ्यानं ते बसऱ्याच्या अलीकडं दलदलीत उतरवलं होतं. कोण सापडलं त्याची तार कंपनीकडे आली होती. ह्यांनी अंगणात सगळ्यांसमोर न सांगता मला गल्लीत बाजूला बोलावलं. तेव्हाच मला कळलं की दोन्ही घरांची बातमी एक नाही. अंगणात जाऊन सांगायचं काम ह्यांनी केलं. मी म्हातारीच्या शेजारी जाऊन बसले.

वन्संचं खांद्याचं हाड मोडलं होतं. तिथल्या इस्पितळात पडून असताना परिषद झाली आणि संपली. वन्सं बोटीनं परत आल्या. बंदरावरून घरी यायच्या आधी त्या ठाण्याला उतरल्या आणि म्हातारीकडे गेल्या, म्हणून सासूबाई बरेच दिवस धुसफुसत होत्या. तिथं काय बोलणं झालं ते वन्संनी सांगितलं नाही आणि सुपारीचं काय झालं ते मीही विचारलं नाही.

त्या विमानातले बरेच जण जगले. वन्सं जगल्या. म्हातारीचा धाकटा जगला नाही.