लाडवाचा लहान अर्धा

शेवटच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी एक बेसनाचा लाडू फोडून खाल्ला. फोडायचं काम बायकोचं. मोठा अर्धा तिनं घेतला, लहान मला दिला.

"मलाच का गं लहान?"

"तुमचं पोट बघा की. साकु तेवढं."

साकु म्हणजे पुरे. हुबळीत मराठी बाईसुद्धा नवऱ्याचा हात अडवताना कानडीच बोलते. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

गुडघ्यांसाठी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. सुट्टीला आलेल्या सुनेनं आधी भात, भाकरी, साखर सगळं एकदम बंद केलं आणि काकडीचा रस पुढं ठेवला. मी चौथी शिकलेला, पण एवढं कळतं, उपाशी माणसाला गुळाचा डबाच दिसतो. मला दिसला, मी खाल्ला. बायकोनं तो कारभार मोडला. "जन्मभर जमेल तेवढंच सोडायचं," म्हणाली. दोनाच्या जागी एक भाकरी, भाजी दुप्पट, चहा बिनसाखरेचा. गोड रोज, पण भरल्या पोटी आणि दोघांत एक. विजारीची नाडी आवळावी लागली, हा पुरावा.

तेराव्याला गोड जेवण. घरच्यानं गोड खायचं आणि दुःख आवरतं घ्यायचं, असा रिवाज. बहीण हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, वाटी घेऊन समोर बसली.

"अण्णा, खावंच लागतंय."

अर्धी खाल्ली, अर्धी तिच्यापुढं सरकवली. "वहिनीचीच रीत," म्हणाली आणि रडायला लागली.

"रडतीस काय, खा."

पाहुणे गेले, मुलगा-सूनही त्यांच्या गावी परतले, लाडवांचा डबा राहिला. चारच्या सुमारास एक खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा. भूक नव्हती. घर गप्प होतं आणि अडवणारं कोणी नव्हतं. असंच चाललं तर तिनं उतरवलेलं सगळं परत चढणार, हे मला स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन फिरायला गेलो. विद्यानगरच्या बागेत बाकावरच्या म्हाताऱ्यांना लाडू वाटले.

"अहो, मला शुगर आहे," एकजण म्हणाला.

"मग अर्धा खा. उरलेला शेजारच्याला द्या."

एक तेवढा माझ्यासाठी ठेवला. येताना मेथी आणली. भाकरी थापली. वाकडी झाली, पण भाकरीच झाली. जेवलो. मग लाडू फोडला, लहान अर्धा खाल्ला. मोठा उद्यासाठी झाकून ठेवला.