भिंत हिरवी झाल्यापासून

छगनभाऊ बोलले, तेव्हा माझ्या हातातली सुई अंगठ्यात घुसली आणि ती काढायचंही मला सुचलं नाही. समोरची भिंत बोलली असती तरी मी इतकी दचकले नसते.

कारण छगनभाऊंना ऐकू येत नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पारोळ्याकडचा हा माणूस मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आला आणि लिंबायतच्या लूमखात्यात, यंत्रमागांच्या शेडमध्ये, उभी हयात काढली. लूमच्या खडखडाटात माणूस तोंडाने बोलत नाही, हातांनी बोलतो. अंगठा ओठांकडे नेला की पाणी. तळहात गालाला लावला की झोप. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. छगनभाऊंचे कान हळूहळू गेले. लूमचा ठोका बदलला की चांगला कारागीर धावतो, यांना तो कळेनासा झाला, आणि शेठने त्यांना घरी बसवलं. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली असतील.

घर म्हणजे एक खोली. त्यात छगनभाऊ, त्यांची बायको सुंदरावहिनी आणि रात्रपाळीला लूमवर जाणारा मुलगा धर्मेंद्र. वहिनी घरी बसून साड्यांचं धागा कटिंग करते. तोंडाने फटकळ, मनाने लोण्याची. पण नवऱ्याशी तिचं बोलणं बंदच झालेलं. जेवा, झोपा, अंघोळ करा, एवढ्या चार-पाच खुणांत संसार येऊन बसला होता. छगनभाऊंनीही बोलणं सोडलं. स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, तर माणूस किती दिवस बोलेल?

धर्मेंद्रचं लग्न ठरलं आणि वहिनीने मनाशी पक्कं केलं. सून आल्यावर एका खोलीत चार माणसं मावायची नाहीत. दिवाळी झाली की छगनभाऊंना गावी, धाकट्या भावाकडे, काशिनाथकडे पाठवायचं. कायमचं. छगनभाऊंना कुणी विचारलं नाही. बहिऱ्याला विचारणार तरी कसं, कोणत्या खुणेने?

भिंतीचं खूळ त्याच्या आधीचं, होळीनंतरचं. आमच्या खोल्यांसमोर लूमखात्याची लांबलचक भिंत आहे. ना खिडकी, ना रंग. मधला बोळ इतका अरुंद, की दोघी बादल्या घेऊन समोरासमोर आल्या तर एकीने मागे सरायचं. उन्हाळ्यात ती भिंत तापायची आणि सगळी धग आमच्या दारात ओतायची. त्या भट्टीत धर्मेंद्रने दिवसा झोपायचं. एका पाळीला उभ्या उभ्या डुलकी लागून तो लूमवरच झुकला, थोडक्यात हात वाचला. वहिनी हबकून गेली. तिने पलसाण्याला भाचीकडे जाताना रस्त्यालगतच्या एका हॉटेलची भिंत पाहिली होती. पिशव्यांमधून झाडं लटकलेली, खालपासून वरपर्यंत हिरवीगार.

"सुषमा, आपुन बी तसं करूत," ती मला म्हणाली.

मी म्हटलं, "वहिनी, डास होतील. साप निघेल. डोकं फिरलंय का तुमचं?"

पण ती ऐकेल तर सुंदरावहिनी कसली! शेठकडे गेली. शेठ म्हणाला, "बेन, भींत पलळशे तो?" भिंत भिजणार नाही, चार बोटं जागा सोडून बांबू बांधते, असं सांगून तिने त्याच्याकडून हो वदवून घेतलं. डाग पडलेल्या साड्या गोळा केल्या आणि माझ्या पुढ्यात आणून टाकल्या. मी फॉल-पिको करते, म्हणून या उद्योगात मशीन माझं आणि पाठ माझीच. शिव्या घालत घालत मी पिशव्या शिवल्या.

पहिल्यांदा आमची फजिती झाली. माती महाग, लूमचा वाया गेलेला धागा फुकट. सगळ्यांनी मिळून पिशव्यांत तोच ठासला. कापूस पाणी धरतो ना, मग धागाही धरेल! पण हा पॉलिस्टरचा धागा, त्यात लूमचं तेल. वरून ओतलेलं पाणी खालून सरळ बाहेर. आठवडा नाही झाला तर रोपं माना टाकून मोकळी. जन्मभर ज्या धाग्यात जगलो तोच आम्हाला कळला नव्हता. मग बमरोलीच्या पुढून रिक्षात घालून माती आणि शेणखत आणलं, पिशव्या गच्च भरल्या. पोई म्हणजे मायाळू लावली, पुदिना, पानओवा, गुळवेल, मनीप्लांट. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, जे असेल ते घालायचं. पाणी घालायचं आणि पिवळी पानं खुडायचं काम छगनभाऊंकडे आलं, कारण ते रिकामेच होते.

श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणापर्यंत भिंत दिसेनाशी झाली. विटेला हात लावला तर गार. मी डासांसाठी अगरबत्तीचा पुडा आणून ठेवला होता, तो तसाच राहिला. चिमण्या आल्या, एक इवलासा निळा पक्षी पोईच्या फळांवर येऊन बसू लागला. भजीला पानं दारातच. दुपारी आपापल्या पंख्याखाली घामाने निथळणाऱ्या बायका पाट घेऊन बोळात बसायला लागल्या. ज्या दोघी नळावरून वर्षभर एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या, त्याही एकाच टोपलीतला पुदिना निवडू लागल्या.

आणि आवाज. लूम काही थांबले नव्हते, पण मातीच्या पिशव्यांनी त्या खडखडाटाची धार बोथट केली. एके दुपारी धर्मेंद्र झोपेतून ताडकन उठला आणि बनियनवर बोळात धावला. "लाइट गई! लाइट गई!" त्याच्या मागे आणखी दोन रात्रपाळीवाले. लूम चालू असले तरच या लोकांना झोप लागते. ठोका मंद झाला की यांना वाटतं, खातं बंद पडलं. तिघं शेडच्या दाराशी पोचले तर लूम आपले चालूच. आम्ही पोट धरधरून हसलो. छगनभाऊही हसत होते. पोरं धावली ते पाहून हसत असतील, असं मला वाटलं.

दिवाळी आठवड्यावर आली होती. वहिनी धागे कापत होती, मी एका साडीला फॉल लावत होते, छगनभाऊ आमच्याकडे पाठ करून पानं खुडत होते. काशिनाथचा फोन आला. वहिनी नेहमीसारखी ओरडून नाही, साध्या आवाजात बोलली. भिंत हिरवी झाल्यापासून आम्ही सगळ्याच तशा बोलू लागलो होतो.

"भाऊबीज व्हयनी का लई जा तेस्ले," ती गावाकडच्या अहिराणीत म्हणाली. "आयकू येत नही, बोलत नही, दिनभर भितकडे तोंड करीसन बठतंस. मी थकी गई, काशिनाथभाऊ."

"मन्ही गोधडी बी दी दे, सुंदरा," छगनभाऊ म्हणाले. "तठे थंडी ऱ्हास."

तेव्हाच ती सुई माझ्या अंगठ्यात गेली. बोळात पुदिना निवडणाऱ्या बायकांनी माना वळवल्या. वहिनीने फोनचा हात खाली सोडला आणि सवयीने दुसऱ्या हाताने विचारलं: ऐकू येतं?

"आयकू येस," छगनभाऊ म्हणाले. आवाज गंजलेला होता, वर्षानुवर्षं न उघडलेल्या कडीसारखा. "समदं नही. पन तू जवळ बठीसन बोलस ते येस."

"कवयपासून?" या वेळी तिने तोंडाने विचारलं.

"भित हिरवी व्हयनी तवयपासून."

म्हणजे तो माणूस पुरता बहिरा नव्हताच. ऐकण्याचा जो थोडा जीव त्याच्या कानांत उरला होता, तो त्या खडखडाटात इतकी वर्षं बुडून गेला होता, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला जिवंतपणी भिंतीच्या हिशेबात धरलं होतं. श्रावणापासून त्याच्यासमोर आम्ही काय काय बोललो! माझ्या नवऱ्याच्या घोरण्यापासून सासूच्या दागिन्यांपर्यंत सगळं. आणि वहिनी? धागे कापता कापता पुटपुटायची तिची सवय. माहेर, मेलेली बहीण, पाठवणीच्या बेताबद्दल रोजची बडबड. 'लगीनमा हाऊ मानूस कितला बोले' म्हणून काढलेले उसासे. सगळं त्याने ऐकलं होतं. आपल्याला गावी सोडून येणार, हे रोज ऐकून तो रोज त्या वेलींना पाणी घालत होता.

वहिनी उठून त्यांच्यापुढे उभी राहिली. "मंग सांगं काबर नही?"

छगनभाऊंनी हातातली पानं टोपलीत ठेवली. "मी सांगतू, तं तू गप व्हई जाती. तू बोलत व्हती, मी आयकत व्हतू. कितला वरीसनंतर."

वहिनीचा बांध फुटला. गल्लीसमोर, मोठ्याने, पदर तोंडाला न लावता ती रडली, आणि मी तिला रडू दिलं. फोनमधून काशिनाथ विचारतच होता, "वहिनी? कोन बोलनं? भाऊबीजना दिन येऊ का?"

तिने डोळे पुसले आणि फोन नवऱ्यापुढे धरला. "तेस्लेच इचारा," ती म्हणाली.

छगनभाऊंनी तो दोन्ही हातांनी कानाशी घट्ट दाबला.

"काशिनाथ, मी नही येवाव," ते म्हणाले. "आठे मन्ही बायको बोलस."