आप्पांच्या शिव्यांचा भोंगा

आमच्या आप्पांना मोबाईलची गरज कधी पडलीच नाही. निमोण्याच्या शिवारात बांधावर उभं राहून त्यांनी हाक मारली की ओढ्यापलीकडचा माणूस हातातलं खुरपं टाकून "काय वं?" म्हणायचा. तरणेपण सगळं मेंढरांमागं गेलेलं. चार डोंगर ओलांडून कळपाला पोचेल असा आवाज त्यांनी कमावला होता, आणि आता वस्ती करून, ऊस लावून, दोन जर्सी गायी आणि डझनभर शेळ्या घेऊन एका जागी बसल्यावरही तो काही लहान व्हायला तयार नव्हता. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या वस्तीवरून मीठ यायचं.

त्या आवाजाला काम दिलं बिबट्यानं. आमच्याकडं ऊस म्हटलं की बिबट्या आलाच. त्यालाही दोष देऊन उपयोग नाही, तो जन्मला उसात, वाढला उसात, त्याला जंगल दाखवलं तर घाबरून परत यायचा. तर आप्पा रोज दिवस मावळताना बांधावर उभे राहायचे आणि समोरच्या उसाला शिव्या द्यायचे. नुसत्या नाहीत, पद्धतशीर. बिबट्याच्या आईपासून सुरुवात करून खानदान संपवायचे, मग घरी येऊन भाकरी खायचे. आजूबाजूच्या वस्त्यांवरून करडं गेली, कुत्री गेली, पण आमच्या एका शेळीला कधी ओरखडा उठला नाही.

आणि मग आप्पांचा आवाज बसला. पंधरा दिवस हळद-दूध झालं, मध झाला, काढा झाला. शेवटी शिरूरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं नाकातून कॅमेरा घातला, आप्पांनी मनातल्या मनात त्याचंही खानदान काढलं असणार, आणि मग डॉक्टर म्हणाला, "स्वरयंत्रावर गाठ आहे. साधी आहे, घाबरू नका. दिवाळीनंतर ऑपरेशन करू. पण तोवर ओरडायचं नाही. ओरडलात, तर आवाज कायमचा जाईल."

आप्पा पुटपुटले, "आन् बिबट्या?"

"तो ओरडला तरी चालेल," डॉक्टर म्हणाला.

बाहेर आल्यावर मी हिशेब मांडला. त्यांचा आवाज राहिला पाहिजे होता आणि शेळ्याही राहिल्या पाहिजे होत्या. मी लगेच म्हणालो, "आप्पा, तुम्ही काळजी करू नका. आता मार्केटमध्ये सगळ्यावर मशीन मिळतं."

इथं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी कंपनीत कामाला, आणि मला यंत्रांचं वेड. आई म्हणते, "लोकांची पोरं ह्या वयात बायकू आणत्यात, हे कांदा चिरायचं मशीन आणतंय." त्यातलं कांदा चिरायचं मशीन आमच्या गोठ्यात खुंटीला आहे, ज्या गावात बायका बोलता बोलता पोतंभर कांदा चिरतात तिथं त्याची गरज नव्हती हे मला नंतर कळलं. पोळ्या करायचं मशीन पापडावर वजन म्हणून ठेवतात. आणि व्हॅक्यूम क्लीनर मी मोठ्या हौसेनं आणला होता, पण आमची ओसरी शेणानं सारवलेली. त्यानं धूळ तर ओढलीच, वर जमीनही ओढली. आईनं पुन्हा सारवलं आणि मला दोन दिवस चहा दिला नाही.

तरी त्या दिवशी दवाखान्यातून निघून आम्ही थेट शिरूरच्या मोठ्या दुकानात शिरलो. काचेचं दार, आत थंडगार, आणि टाय लावलेला पोरगा "सर, सर" करत मागं. आप्पांनी फ्रीजवर बोटं वाजवून बघितली, मग दार उघडून आत वाकले, बाजारात शेळीचे दात बघतात तसे. पोरगा म्हणाला, "काका, डबल डोअर आहे." आप्पा माझ्या कानात म्हणाले, "एका दारानं जेवढं जातं तेवढंच जानार की."

मग आम्ही टीव्हीच्या भिंतीसमोर आलो. जमिनीपासून छतापर्यंत टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच जंगल. मी सेन्सरच्या लाईटची चौकशी करत होतो, तेवढ्यात त्या जंगलातून बिबट्या निघाला. सगळ्या टीव्हींवर एकदम. भिंतभर बिबटे, आमच्याकडं बघत. मी आप्पांकडं वळलो तर त्यांची छाती फुगलेली, पाय फाकलेले, तोंड उघडलेलं. मी झडप घालून त्यांचं तोंड दाबलं. धक्क्यानं एक मिक्सर खाली आला. टायवाला पोरगा दोन पावलं मागं सरला. त्याला वाटलं, मुलगा बापाला दुकानातच मारतोय.

"काका, फोर-के आहे," तो लांबूनच म्हणाला.

मी हात काढल्यावर आप्पा पुटपुटले, "मिशा मोजता येत्यात भाड्याच्या."

आम्ही सेन्सरचा लाईट घेतला आणि मोबाईलवर दिसणारा कॅमेरा घेतला. लाईट असा, की समोर काही हललं की पेटणार आणि बिबट्या पळणार. तो हललेल्या प्रत्येक गोष्टीला पेटला. मांजराला, पाकोळीला, वाळत घातलेल्या लुगड्याला. आप्पा लघवीला उठले की सगळी वस्ती उजळायची, आणि पलीकडून कोणीतरी विचारायचं, "झालं का आप्पा?" आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो एका पहाटे आला, लाईट पेटला, आणि तो त्या उजेडात आरामात बसून पंजा चाटू लागला. हे सगळं कॅमेऱ्यात स्वच्छ दिसलं. मी मोबाईल आप्पांना दाखवला.

"फोटू काढायला आलंय का ते?" ते म्हणाले. "त्याला कोन शिव्या देनार?"

खरं दुखणं ते होतं. आप्पांना बिबट्याची भीती नव्हती, आपण बिनकामाचे झालो याची होती. रोज दिवस मावळताना पाय आपोआप बांधाकडं वळायचे. तिथं जाऊन उभे राहायचे, तोंड उघडायचे, आणि मागून आई "आवं!" म्हणाली की मिटायचे. कुजबुजत शिव्या देऊन बघितल्या, पण शिवी हळू दिली की ती शिवी राहत नाही, कानगोष्ट होते. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

अशात एकदा गायींच्या खुराकासाठी आम्ही दौंडला गेलो. स्टेशनच्या बाहेर एका हातगाडीवर मेथीच्या जुड्या, आणि गाडी एकटीच ओरडत होती, "ताजी मेथी, ताजी मेथी, बघा ताजी मेथी!" मालक पलीकडं टपरीवर निवांत चहा पीत होता. आप्पा थांबले. गाडीला लावलेल्या भोंग्यासमोर उभे राहिले, वाकून त्याच्या तोंडात डोकावले, मागून फिरून आले.

"मानूस न्हाई आन् आवाज हाय," ते म्हणाले. आणि कित्येक दिवसांनी त्यांचे डोळे चमकले.

असले भोंगे विकणारं दुकान तिथंच होतं. दुकानदार म्हणाला, "चाचा, लाल बटन दबाओ, एक बार बोलो, फिर दिनभर सुनो."

आप्पांनी मला विचारलं, "म्हंजी एकदा वरडायचं आन् मग नुसतं बसायचं? पुढाऱ्यावानी?"

"व्हय आप्पा."

"घे."

घरी आईनं अट घातली. "एकदाच वरडायचं. दुसऱ्यांदा तोंड उघडलं तर मी चूल पेटवायची न्हाई." मी म्हणालो, मी माझाच आवाज भरतो की. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बोलणं मागं घेतलं. कंपनीतल्या एसीत बसून "सर, सर" करणाऱ्याच्या शिव्यांना बिबट्या कशाला भिईल? मलाही ते पटलं.

गोठ्यात भोंगा समोर धरला, लाल बटण दाबलं, आणि आप्पांनी आवाज सोडला. काय सांगू! महिनाभराच्या आरामानं घसा जरा सुटला होता, साठलेलं सगळं बाहेर आलं. आधी ती मेंढरामागची लांब हाळी, "हुर्र्र्र होऽऽ, ये ये येऽऽ!", आणि मग, "आलास का रं मुडद्या! तुझ्या आयला तुझ्या! हात लावून बघ शेळीला, कातडं सोलून व्हानाच शिवतो तुझ्या!" गायींनी कान टवकारले, पत्रा थरथरला. मी बटण सोडणार तेवढ्यात मागून आई ओरडली, "आवं, गप बसा की आता, नरडं फाटंल!"

तेही भरलं गेलं. पुन्हा भरायचं तर आप्पांना पुन्हा ओरडावं लागणार, म्हणून तसंच ठेवलं. आता बिबट्याला आधी शिव्या बसणार होत्या आणि नंतर आमच्या घरातलं भांडण ऐकू येणार होतं. आम्ही तिघं पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत मी भोंगा उसाच्या कडेला बाभळीवर टांगला. आई शेळ्या वळवून आणत होती. वाघूर, म्हणजे शेळ्या कोंडायचं जाळीचं कुंपण, अजून उघडंच होतं. मी उद्घाटन केल्यासारखं बटण दाबलं आणि पळत आप्पांजवळ येऊन उभा राहिलो.

"हुर्र्र्र होऽऽ, ये ये येऽऽ!"

शेळ्यांनी माना वर केल्या. आणि सगळ्याच्या सगळ्या, आईचा हात झिडकारून, सरळ उसाकडं सुटल्या.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आयला, धनगराचा गडी जनावरावर ओरडायच्या आधी काय करतो? आपला कळप जवळ बोलावतो. लांडगा असो, वाघ असो, पहिली हाळी मेंढरांना आणि मग शिवी. आप्पांच्या हाडात मुरलेलं ते, त्यांनाही कळलं नव्हतं, मला नाही, आईलाही नाही. बांधावर आप्पा स्वतः असायचे, शेळ्या त्यांच्या पायाशी यायच्या, ते बरोबरच होतं. आता आप्पांचा आवाज बाभळीवर होता आणि शेळ्या बिबट्याच्या दारात.

मी पळालो. आई पळाली. शेळी काय आपल्याच्यानं गाठली जाते? पुढची शेळी बाभळीखाली पोचली. उसाची पानं सळसळली. वारं होतं की तो होता, देव जाणे. भोंगा वरून बोंबलतच होता.

आणि मागून आप्पांनी हाळी दिली.

खरीखुरी. भोंग्याच्या वरताण. तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. शेळ्या जागच्या जागी थबकल्या. एकदा बाभळीकडं बघितलं, एकदा आप्पांकडं, आणि वळल्या. खऱ्या-खोट्यातला फरक त्यांना बरोबर कळला. सगळ्या धावत आप्पांच्या पायाशी आल्या. आप्पांनी एकीच्या पाठीवर हात ठेवला, माझ्याकडं बघितलं, काहीतरी म्हणाले. तोंड हललं, नुसती हवा आली.

ऑपरेशन घाईनं झालं. गाठ निघाली, पण हाळी परत आली नाही. आता आप्पा बोलतात ते खरखरत, हळू, कान जवळ नेला तर कळतं. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडलो. आप्पांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "मशीन मातर कडक हाय."

भोंगा आम्ही वाघुरीच्या कडेला रोवलेल्या मेढीला बांधला. तिथं तो योग्य जागी आहे. दिवस मावळला की आप्पा बटण दाबतात, शेळ्या पळत येतात, बिबट्याला शिव्या बसतात, शेवटी आई खेकसते. मी मध्यंतरी आप्पांसाठी वाफ घ्यायचं यंत्र आणलं, तर त्यांनी भोंगा काढून माझ्याकडं वळवला आणि बटण दाबलं. मी शिव्या पूर्ण ऐकून घेतल्या.

गेल्या आठवड्यात दिवसभर लाईट नव्हती. भोंगा चार्ज झाला नाही. दिवस मावळला, आप्पांनी बटण दाबलं, एकदा, दोनदा, भोंगा मुका. शेळ्या बांधापलीकडं, ऊस अंधारत चाललेला. आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी भोंग्याला लावायला पॉवर बँक शोधत घरात पळालो, आणि चुलीपासून आई उठली. पिठाचे हात तसेच. माझ्या शेजारून बाहेर गेली, बांधावर उभी राहिली, पदर खोचला, आणि सुटली.

"हुर्र्र्र होऽऽ, ये ये येऽऽ! आलास का रं मुडद्या! तुझ्या आयला तुझ्या!"

एक शब्द इकडचा तिकडं नाही. व्हाना शिवण्यापर्यंत सगळं. शेळ्यांनी क्षणभर कान हलवले आणि मग एकामागून एक तिच्याकडं निघाल्या. आईची मान ताठ, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, थांबायला तयार नाही.

आप्पा तिच्याजवळ गेले, तिच्या कानाशी वाकले. मी मागंच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"आगं, गप बस की आता," ते म्हणाले, "नरडं फाटंल."