अक्काला नेपाळात नेताना

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, हे वाक्य निघण्याआधीच्या आठवड्यात मी किमान दहा जणांना ऐकवलं असेल. वकिली करून माणसाला नियम सांगायची खोड लागते, आणि आमच्या अमरावतीच्या कॉलनीत ऐकून घेणारेही भरपूर. व्हिसा नको, पण विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्ड फक्त पंधरा वर्षांच्या आतल्यांना आणि पासष्टच्या पुढच्यांना चालतं. हे सगळं मी अंजनगाव सुर्जीला माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, फोनवर वाचून दाखवलं. तिच्याकडे पासपोर्ट नव्हता. तिने मतदार कार्डाचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला, नाव तपासलं आणि तिकिटं काढली.

घाई होती. अक्काच्या एकुलत्या एका मुलीने, रश्मीने, नागपुरात शिकताना ओळख झालेल्या सुजन नावाच्या नेपाळी मुलाशी लग्न केलं आणि ती काठमांडूला राहायला गेली. पत्रिका आली, तरी अक्का लग्नाला गेली नाही. पुढची चार वर्षं तिने लेकीशी बोलणं टाकलं. जावयाचं तर तोंडही पाहिलं नव्हतं. आता रश्मीला मुलगी झाली होती. अकराव्या दिवशी 'न्वारन' (बारसं) होतं. रश्मीने फोन करून आईला ये म्हटलं. अक्काने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून डिंक आणि खारीक घेऊन आली. मला धास्ती एकाच गोष्टीची होती. ही बाई एकदा निघालीय. वाटेत कुठे अडली आणि मागे फिरली, तर पुन्हा या जन्मात निघायची नाही.

नवव्या दिवशी सकाळचं विमान होतं. अमरावतीहून नागपूर, नागपूरहून रेल्वेने दिल्ली, इथवर सगळं सुरळीत झालं. गाडीत अक्काने ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा सोडला, तेव्हा समोरच्या बर्थवरचं भोपाळचं कुटुंबही आमच्या पंगतीला आलं. डिंकाच्या लाडवांच्या डब्याला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. तो बाळंतिणीचा होता.

दिल्लीच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट पाहून परत दिला. अक्काचं कार्ड हातात घेऊन तिने ते उलटंपालटं केलं, कडेला नख लावून पाहिलं आणि ओरिजिनल मागितलं. मी अक्काकडे बघितलं. ते लॅमिनेशन केलेलं रंगीत झेरॉक्स होतं.

"ओरिजिनल घरी हाय," अक्का म्हणाली. "प्रवासात कोनी ओरिजिनल नेते काय? हरवलं म्हंजे? तूच त सांगत असतो लोकाईले."

खरं होतं. तीस वर्षं मी प्रत्येक पक्षकाराला बजावत आलोय की ओरिजिनल हातचं सोडायचं नाही, झेरॉक्स द्यायचं. आमच्याकडे सातबारापासून दहावीच्या मार्कशीटपर्यंत सगळी अस्सल कागदपत्रं अशीच घरात बंदोबस्तात असतात आणि त्यांची झेरॉक्सं गावभर हिंडतात. फोटोत मला फरक कळला नव्हता, आणि विचारायचं सुचलं नव्हतं.

मग आधार निघालं. त्यावर अक्काचं वय त्रेसष्ट. अक्का म्हणाली, ती सदुसष्टची आहे. काउंटरवरची मुलगी गोंधळली. मी समजावून सांगितलं की आमच्या शाळेत गुरुजींनी दाखल करताना अंदाजाने वर्ष टाकलं आणि वर्गातल्या सगळ्यांचा वाढदिवस एक जुलै करून टाकला. तिने माझ्या पासपोर्टवरची तारीख पाहिली. तीही एक जुलैच होती. ती हसली, पण नाइलाजाने मान हलवली. तिचा वरिष्ठ आला, त्यानेही तेच सांगितलं. विमान आमच्याशिवाय गेलं. त्यांची चूक काडीची नव्हती.

मी बाहेर येऊन अक्कावर ओरडलो. भर गर्दीत, सदुसष्ट वर्षांच्या बहिणीवर. सगळ्या खटाटोपाची माती केलीस, चल आता घरी, असं म्हणालो. ज्याची धास्ती घेऊन निघालो होतो तेच मी स्वतःच्या तोंडाने बोललो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

अक्का ट्रॉलीवरच्या सामानाला धरून उभी होती.

"तुले जायचं असन त जाय," ती म्हणाली. "मी वापस नाई जात. जमिनीवरून जाता येते का नाई, थे सांग फक्त."

येतं, मी म्हणालो. उत्तर प्रदेशातल्या सोनौलीच्या नाक्यावरून आपली माणसं चालत जातात. तिथे पासपोर्टही लागत नाही, फोटोचं कुठलंही ओळखपत्र जवळ असलं की झालं.

"मंग मले इमानात कायले बसवत होता?"

मी रश्मीला फोन करून सगळं कळवलं आणि गोरखपूरच्या गाडीची तिकिटं शोधायला लागलो.

जागा मिळाली ती एकच, तीही वरची. अक्काला मी वर चढवलं. मी स्वतः दाराजवळ बॅगेवर बसून गेलो. दहाव्या दिवशी पहाटे गोरखपूरला उतरलो. तिथून सोनौलीची बस. दोन्हीकडे उसाची शेतं आणि ओलसर सपाट माती. अक्का खिडकीतून बघत म्हणाली की जमीन बरी आहे, पण आपल्या काळीसारखी नाही. वाटेत तिने कुल्हडातला चहा दोनदा मागून घेतला. परत जायचा विषय तिनेही काढला नाही आणि मीही नाही.

सोनौलीला बसमधून उतरलो तर समोर एक उंच, सडपातळ तरुण उभा. रश्मीचा निरोप मिळताच तो काठमांडूहून निघाला होता आणि नाका ओलांडून अलीकडे येऊन थांबला होता. त्याने हात जोडले.

"आई, लय तरास झाला का?" नागपुरात शिकलेली मराठी त्याने सांभाळून ठेवली होती.

अक्काने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने पुढे केलेल्या हातात पिशवी मात्र दिली नाही. आम्ही तिघं ट्रक, रिक्षा आणि सायकलींच्या गर्दीतून सीमेवरच्या कमानीकडे चालू लागलो. आपल्या बाजूच्या जवानाने आधार पाहून सोडलं. पलीकडे नेपाळी पोलीस बाईंनी पिशवी उघडायला लावली. झबली, टोपडी, अक्काने शिवलेली गोधडी आणि तो डबा. लाडू कशाचे म्हणून त्यांनी हिंदीत विचारलं. अक्काने तिच्या हिंदीत डिंकापासून खोबऱ्यापर्यंत सगळी कृती सांगितली. पोलीस बाई हसल्या, आणि त्यांनी सुजनकडे बोट करून विचारलं, ये आपके कौन हैं?

अक्काने डबा पिशवीत परत ठेवला.

"मेरी लडकी का आदमी है," ती म्हणाली.

तेवढंच. पण पिशवी बंद करून तिने ती सुजनच्या हातात दिली.

त्याने जीप ठरवली होती. दुपारी त्रिशूली नदीच्या काठी थांबून डाळ-भात आणि 'गुन्द्रुक' (वाळवून आंबवलेला पाला) खाल्लं. अक्काला ते अंबाडीच्या भाजीच्या जवळचं वाटलं आणि तिने पुन्हा वाढून घेतलं. पुढे डोंगर अंगावर येऊ लागले. आमच्या मेळघाटातल्या धारणीच्या रस्त्याला मी आयुष्यभर नावं ठेवली, ती तिथे मनातल्या मनात परत घेतली. वळणावळणावर अक्काला मळमळायचं आणि सुजन न कंटाळता जीप थांबवायचा. दिवेलागणीला घरी पोचलो. रश्मी दारात बाळाला घेऊन उभी होती. अक्का तिला पहिलं वाक्य रागावूनच बोलली, ओली बाळंतीण अशी वाऱ्यात का उभी राहिली म्हणून. मग दोघी रडल्या, आणि मी सामान आत घ्यायच्या निमित्ताने तिथून सटकलो. सकाळी न्वारन झालं. बाळ आजीच्या मांडीवर होतं.

परतीची वाटही जमिनीवरूनच होती. आता कसलीच घाई नव्हती. गाडीत मी विचार करत होतो की मला सगळे नियम पाठ होते आणि तरी मी दिल्लीतून मागे फिरायला निघालो होतो. एकही नियम पाठ नसलेली अक्का पोचली, आणि तिच्यामुळे मी.

गेल्या आठवड्यात ती अमरावतीला आली, पासपोर्टचा अर्ज भरून दे म्हणाली. दरवर्षी जायचंय. भरता भरता एक रकाना आला, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं त्याचा. मी माझंच नाव लिहायला घेतलं.

"सुजनचं लिव," अक्का म्हणाली.

इकडच्या माणसाचं दिलेलं बरं, असं मी म्हणून पाहिलं. तिने ऐकलं नाही. मग त्याचा पत्ता विचारायला मी रश्मीला फोन लावू लागलो, तर अक्काने हात धरला आणि पत्ता सांगायला लागली. घर नंबर, गल्ली, टोल (मोहल्ला), वॉर्ड, कुठेही न अडखळता. मी लिहून घेतला आणि विचारलं, तिथल्या दहा दिवसांत एवढा पाठ कधी केलास?

"आत्ता नाई केला," ती म्हणाली. "लग्नाच्या पत्रिकेवर होता."