कातडीनं जेवणारे कृमी

एम.एस्सी.साठी मी समुद्रातल्या कृमींवर काम केलं, तेही सांगलीत बसून. कवठे महांकाळकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मी मुलगी. विषय ठरला तोवर समुद्र पाहिलाही नव्हता. विषय माझ्या मार्गदर्शक बाईंनी सुचवला. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत, कणांच्या मधल्या पाण्यात, दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखे कृमी राहतात. त्यांना तोंड असतं. पण पाण्यात विरघळलेलं अन्न ते कातडीतूनही आत ओढून घेतात का, हे मला तपासायचं होतं.

वाळू आणायची कशी, हा पहिला प्रश्न. दर पंधरवड्याला एकटीनं रत्नागिरीला जाऊ द्यायला वडील तयार नव्हते. मी मामांकडे राहत होते. शेजारच्या खोलीत एस.टी.चे एक ड्रायव्हर राहायचे. मूळचे कोरेगावजवळच्या खेड्यातले, लष्करात गाडी चालवून परत आलेले. रत्नागिरीची मुक्कामी गाडी त्यांच्याकडे होती. मामींनी त्यांच्या कानावर घातलं, आणि त्याच संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले.

"वाळूच आणायची न्हवं? कुटली आणायची ती दाव."

मी कागदावर आकृती काढून दिली. भरतीची रेघ, ओहोटीची रेघ, दोन्हींच्या मध्ये वीतभर खोल खणायचं. सोबत कॅनभर समुद्राचं पाणी.

"पण काका, ओहोटीची वेळ रोज पुढं सरकते," मी म्हटलं.

"तितल्या कोळ्यांस्नी इचारीन की," म्हणत त्यांनी कागद खिशात घातला.

पहिला कॅन आला तो ओल्या पोत्यात गुंडाळलेला. झाकण सैल होतं. मी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. "आत जीव हाईत म्हनलीस," ते म्हणाले, "मग वारं नगं व्हय?"

प्रयोगशाळेत मी वाळू ढवळून वरचं पाणी बारीक जाळीतून गाळायची आणि जाळीवर राहिलेले कृमी मातीच्या माठातल्या समुद्राच्या पाण्यात ठेवायची. सांगलीच्या उन्हात तोच आमचा फ्रीज. मग मोजून घेतलेले कृमी थोड्या पाण्यात सोडायचे आणि त्यात चिमूटभराहूनही कमी ग्लायसीन मिसळायचं. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यातला हा एक. तासाभरानं ते पाणी काढून त्यात एक रसायन घालून तापवलं की जांभळा रंग येतो. ग्लायसीन जितकं कमी उरलं, तितका रंग फिका. ते रसायन हाताला लागलं की बोटंही जांभळी होत, आणि चारचार दिवस जात नसत.

पहिल्याच महिन्यात रंग फिका पडला. मी हरखून बाईंकडे नळ्या नेल्या. बाईंनी बिनकृमींची नळीही शेजारी धरायला लावली. तिचा रंगही उतरला होता.

"हे जिवाणूंनी खाल्लं," बाई म्हणाल्या. "पाण्यात प्रतिजैविक घाल आणि सगळं पहिल्यापासून कर."

पहिल्यापासून म्हणजे पुन्हा वाळू. काकांना पुन्हा कुठल्या तोंडानं सांगायचं, या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं, "किती खेपा?" मी म्हटलं, पाच-सहा. त्यांनी आठ केल्या. एकदा आंबा घाटात ट्रक आडवा होऊन गाडी दुपारभर अडकली, तेव्हा झऱ्याचं पाणी आणून ते पोतं भिजवत राहिले. त्या कॅनमधले कृमी मेले नाहीत.

या वेळी बिनकृमींच्या नळीचा रंग गडद राहिला आणि कृमींच्या नळीचा उतरला. मी काकांना प्रयोगशाळेत बोलावलं. सूक्ष्मदर्शकावर एक डोळा मिटून ते बराच वेळ वाकून होते.

"आन् ह्यो कातडीनं जेवतोय?"

"हो. त्याच्या अंगात ग्लायसीन आधीच भरपूर आहे, बाहेरच्या पाण्यात अगदी नावाला. तरी तो तेवढंही आत ओढून घेतो."

"मग समुद्र म्हंजे त्याची पेजच की," ते म्हणाले. बाई हसल्या आणि मान डोलावली.

प्रबंध पुरा झाला तोवर काकांची साताऱ्याला बदली झाली होती. ऋणनिर्देशात बाईंच्या खालोखाल मी त्यांचं नाव टाइप केलं आणि प्रत घेऊन त्यांच्या गावी गेले. ते पान इंग्रजीत होतं; मी मराठीत वाचून दाखवलं. काकूंनी ते पुन्हा वाचायला लावलं. काकांनी मात्र विचारलं, "ते जीव मग परत सोडलंस कुटं?"

मी खरं ते सांगितलं. मोजणीनंतर ते अल्कोहोलमध्ये घातले होते. एकही उरला नव्हता.

काकांनी प्रत मिटून ठेवली. मग म्हणाले, "वाळू तर आणलीच असती मी. पर आदी सांगायचं हुतंस."

जेवायला मात्र त्यांनी आग्रह करून वाढलं, आणि निघताना ओल्या शेंगांची पिशवी एस.टी.त माझ्या सीटखाली स्वतः ठेवली. पुढं कितीतरी वर्षं मी प्राणिशास्त्र शिकवलं. दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला, ट्रे मांडायच्या आधी, आज या प्राण्यांचं काय होणार आहे ते मी मुलांना सांगायची. पदवी बाईंमुळे मिळाली. ही सवय काकांनी लावली.