बाबाचं मनगट, माझा फोर्क

माझ्या फोर्कला दुसऱ्या कोणी हात लावला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं तेव्हा घरच्यांना हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

फोर्क म्हणजे सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोन पाय. साध्या सायकलचे हे पाय ताठ असतात. माझ्या माउंटन बाइकला मात्र वरच्या चकचकीत नळ्या खालच्या जाड नळ्यांत आत-बाहेर सरकतात. एका पायात हवा कोंडलेली असते, दुसऱ्यात उसळी आवरणारा दट्ट्या. खड्डा आला की धक्का फोर्क गिळतो, हातापर्यंत येऊ देत नाही. त्यासाठी तो अधूनमधून उघडायचा, मळकं तेल काढून ताजं घालायचं, झिजलेले सील बदलायचे. दुकानात देता येतो. मी देत नाही. बोरिवलीतल्या आमच्या घराच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली पेपर पसरून मी तो स्वतः उघडते. जुनं तेल गोळा करायला श्रीखंडाचा डबा, पुसायला बाबाचा फाटका बनियन, आणि खालचे बोल्ट ठोकून सोडवायला आईचा खलबत्त्यातला बत्ता, फडक्यात गुंडाळून. या कामाला रबरी हातोडी मिळते, मला माहीत आहे. बत्त्याने भागतं.

"धुऊन ठेव हां तो," आई दर वेळी म्हणते. "मागच्या खेपेला वेलचीला ग्रीसचा वास येत होता."

हे काम हातात घेतलं की मला दुसरं काही सुचत नाही. आधी हवा सोडायची, ती फुस्सकन सुटते. मग बत्त्याचा एक नेमका ठोका, आणि खालचे पाय सुटून अलगद हातात येतात. काळपट तेल डब्यात ओघळतं, आणि आतल्या नळ्या पुसल्यावर इतक्या लख्ख दिसतात की त्यात मी माझं नाक बघून घेते. ऑफिसात दिवसभर लोकांच्या एक्सेल शीटा निस्तरायच्या आणि संध्याकाळी त्या पुन्हा तशाच. इथे पुसलं की पुसलेलं दिसतं. मला तर वाटतं, सायकल चालवण्याइतकीच मजा ती उघडण्यात आहे, पण हे माझ्या ट्रेलवरच्या दोस्तांना सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील.

आता बाबा. आजोबा गिरणीत होते, बाबा मागाठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि रोज काळ्या, वजनदार सायकलने जायचा. रिटायर झाल्यावरही सायकल सुटली नाही. त्याच्यासारखीच रिटायर झालेली चार टाळकी जमवून दर रविवारी पहाटे नॅशनल पार्कात, कान्हेरीच्या चढाच्या पायथ्यापर्यंत जायचं, तिथे कठड्यावर बसून जगाची उणीदुणी काढायची आणि परत यायचं. त्या एका सकाळसाठी तो शनिवारपासून खुशीत असायचा.

गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात शेवाळावरून त्याचा पाय घसरला. हात टेकला आणि मनगटाची पार वाट लागली. प्लेट बसवावी लागली. हाड जुळल्यावर डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा खुशाल, फक्त हाताला दणके नकोत. दणके नकोत म्हणजे मुंबईत सायकल नकोच की. एक रस्ता काँक्रीटसाठी खोदलेला, दुसऱ्याचे पेव्हर ब्लॉक उचकटलेले, आणि उरलेल्यावर स्पीडब्रेकर.

तरी त्याने एकदा काळी सायकल काढली. गेटाबाहेरच्या पहिल्याच ब्रेकरवर तोंड वाकडं झालं, तसाच वळून परत आला. मग रविवारी मित्रांचा फोन आला की कधी थंडी आहे, कधी पाहुणे आहेत, कधी पोट बरं नाही. हळूहळू फोनही कमी झाले. बाबा बाल्कनीत बसून फिजिओने दिलेला पिवळा बॉल दाबत राहायचा. टीव्ही लावायचा आणि बघायचा नाही. मला ते बघवत नव्हतं. रविवारी सकाळी आमचा बाबा घरात दिसतो, हेच मुळात चुकीचं वाटायचं.

आणि जानेवारीतल्या एका शनिवारी मी फोर्क पुसत बसले होते तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. धक्के खाणारी वस्तू माझ्या हातात आहे आणि धक्के नको असलेला माणूस समोर बसलाय. इतके महिने मी काय झोपले होते?

"बाबा, तू माझी सायकल घे. हा फोर्क मी तुझ्या मनगटाला सोसेल असा करून देते. उद्या रविवार आहे."

"माका काय करूची ती?" बाबा म्हणाला. रागावला, लाजला किंवा लाडात आला की तो मालवणीत जातो. मग शुद्धीवर येऊन म्हणाला, "आणि आता कुठे जायचंय मला? झालं तेवढं फिरणं पुष्कळ झालं."

मी ऐकते होय. मला तर चेवच चढला. फोर्क माझ्या धसमुसळेपणाच्या हिशेबाने लावलेला होता. मी दगडांवरून उड्या मारते, म्हणून आत हवेची जागा कमी करणारे प्लास्टिकचे तुकडे टाकले होते आणि दाबही भरपूर ठेवला होता. बाबाला उड्या मारायच्या नव्हत्या. मी ते तुकडे काढून टाकले आणि शॉक पंप लावून दाब उतरवत उतरवत खाली आणला. दाब बरोबर आहे की नाही हे कळायला माणूस सायकलवर बसवून फोर्क किती दबतो ते बघावं लागतं.

"नुसता बस. चालवू नकोस," मी म्हटलं.

लुंगी सावरत, पॅसेजच्या भिंतीला धरून बाबा बसला. फोर्क शांतपणे खाली गेला आणि तसाच वर आला. बाबाच्या भुवया वर गेल्या. "बरा आहे," एवढंच म्हणाला. आमच्या घरात बाबाने बरा म्हटलं की पेढे वाटायचे असतात. मी पंप ठेवायला आत गेले तर मागे पुन्हा सीट करकरल्याचा आवाज आला. गृहस्थ एकटेच हँडल दाबून बघत होते.

दाबताना फोर्क किंचित अडखळत होता, आणि बाबाच्या हातासाठी मला तेवढंही चालणार नव्हतं. म्हणून दुपारी नवे सील बसवले, त्यांच्या खालच्या स्पंजाच्या चकत्या तेलात भिजवून घातल्या, खालचे पाय परत चढवले. मग सायकल उलटी केली आणि पायांच्या तळाच्या भोकांतून सिरिंजने फोर्कचं तेल आत सोडलं. बाबा खुर्ची ओढून बसला होता, अगदी ऑपरेशन बघायला बसावं तसा.

"एवढंसंच?" सिरिंजकडे बघून त्याने विचारलं.

"एवढंच लागतं."

"एवढी महागाची सायकल आणि तेल फोडणीपुरतं?"

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. शनिवारी. आमच्या साहेबांना शनिवारीच सगळं आठवतं. बोल्ट लावायचे राहिले होते, भोकं उघडी होती. "लक्ष ठेव रे, शेजारचं मांजर येतं. आणि हात लावू नकोस," असं बजावून मी आत गेले. परत आले तेव्हा बाबा आपला पिवळा बॉल दाबत देवासारखा बसला होता. मी बोल्ट आवळले, हवा भरली, फोर्क दाबून बघितला. काय चालत होता! इतका मऊ फोर्क मी आयुष्यात बांधला नव्हता. मी आईला ओढत आणून तिच्याकडूनही दाबून घेतला. "झकास," आई म्हणाली, "आता बत्ता दे."

संध्याकाळी बाबाने स्वतः फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. "उद्या येतोय मी," तो म्हणाला, आणि पलीकडून इतका आरडाओरडा झाला की त्याने फोन कानापासून लांब धरला. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

सायकल रात्रभर बाल्कनीत राहिली. पहाटे बोरिवलीत, त्यातून पार्काच्या बाजूला, बऱ्यापैकी गारठा होता. बाबा कानटोपी घालून माझ्या सायकलवर, मी त्याच्या काळीवर. पहिल्या ब्रेकरवर बाबाचे खांदे वर उडाले. मला वाटलं, वेगात गेला असेल. दुसऱ्या ब्रेकरवर त्याने आवाज न करता ओठ दाबले. पार्काच्या गेटाशी मित्र टाळ्या वाजवत उभे होते, आणि हा उतरून मनगट दुसऱ्या हातात धरून उभा राहिला.

मी फोर्क दाबला. दगड. अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा कुठे बोटभर हलला आणि तिथेच बसला.

"तुम्ही जा," बाबा मित्रांना म्हणाला. "हात नाही म्हणतोय." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "जाऊ दे गं. केलंस ना तू एवढं." त्याने चिडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. सायकली हातात धरून आम्ही चालत घरी आलो. वाटेत मी सगळं मनातल्या मनात पुन्हा उघडलं आणि लावलं. सील उलटे? दट्ट्या अडकला? मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. आता हा पुन्हा कधी सायकलला पाय लावणार नाही, एवढं मात्र दिसत होतं.

घरात शिरले ती थेट बाल्कनीत. चहाही घेतला नाही. हवा सोडली, बोल्ट काढले, बत्ता मारला. खालचे पाय सुटता सुटेनात. ओढून काढले तर डब्यात तेल पडेचना. बोट घालून बघितलं. बोटाला पांढरं, रवाळ, साजूक तुपासारखं काहीतरी लागलं.

आई मागून डोकावली, माझं बोट धरून नाकाशी नेलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलं खोबरेल."

बाबाने पेपर तोंडापुढे धरला.

माझं डोकं जे सटकलं! "बाबा! तू फोर्कमध्ये खोबरेल ओतलंस?"

"थोडासांच," पेपरामागून आवाज आला.

थोडंसं म्हणजे माझ्या तेलाच्या चौपट, दोन्ही पायांत. आमच्या घरात खोबरेल सगळ्याला चालतं. डोक्याला, करकरत्या दाराला, भाजल्याला, आणि गेले काही महिने रोज बाबाच्या मनगटाला. दुपारच्या उन्हात ते पाण्यासारखं होतं म्हणून फोर्क लोण्यासारखा चालला, आणि पहाटे ते थिजलं. "थंडीत बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब निघत नाही," आई बाबाला म्हणाली. "रोज डोक्याला लावता तुम्ही. तेव्हा दिसत नाही?" आणि ती अशी काही हसायला लागली की भिंतीला टेकून खालीच बसली.

मी हसत नव्हते. "तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून? मग कशाला लावलास?"

बाबाने पेपर खाली घेतला. "इतक्याशा तेलान काय होतलां, असं वाटलं," तो म्हणाला. "मध्येच फोर्क कोरडा पडला तर परत फिरावं लागेल. मला परत फिरायचं नव्हतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माका जावचांच होतां गो."

माझा राग जो गेला तो गेलाच. म्हणजे ते 'काय करूची' नि 'फिरणं पुष्कळ झालं' हे सगळं निव्वळ नाटक होतं. ह्या माणसाला इतकं जायचं होतं की त्याने स्वतःच्या हाताने स्वतःची वाट लावली. माझ्या फोर्कचं काय व्हायचं ते होवो, मी मनात म्हटलं, हे कळलं ते बरं झालं.

त्याच दिवशी मी सगळं धुतलं. सील पुसले, नळ्या स्पिरिटने स्वच्छ केल्या, खोबरेल प्यायलेल्या चकत्या फेकून नव्या घातल्या. या वेळी सिरिंज बाबाच्या हातात दिली. "तू घाल. जेवढं सांगेन तेवढंच." श्वास रोखून त्याने घातलं आणि सिरिंज लगेच मला परत केली. रात्री सायकल मुद्दाम बाल्कनीत ठेवली, आणि पुढचा अख्खा आठवडा मी रोज पहाटे उठून, गारठ्यात, फोर्क दाबून बघितला. रोज मऊ. रोज माझा जीव नव्याने भांड्यात पडायचा.

रविवारी पहिल्या ब्रेकरवर मी बाबाचे खांदे बघत होते. फोर्क खाली गेला, वर आला, खांदे होते तिथेच. दुसऱ्या ब्रेकरला त्याने वेग कमीच केला नाही. पार्कात शिरल्यावर तर तो मित्रांना मागे टाकत असा सुटला की मी ओरडले, "अरे थांब ना जरा!" त्याने मागे वळूनही बघितलं नाही. मी काळ्या सायकलवर. तिच्या ताठ पायांनी रस्त्यातला खडान् खडा माझ्या हातांत आणून ओतला. हा माणूस सगळं आयुष्य हे चालवत होता?

चढाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा बाबा कठड्यावर बसून जगाची उणीदुणी काढत होता. मी सायकल टेकवली आणि हात झटकत उभी राहिले. त्याने बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"मनगट दुखता काय गो?"

"हो."

त्याने जॅकेटची चेन उघडून आतल्या खिशातून एक छोटी बाटली काढली आणि हलवून दाखवली. आतलं तेल पातळ होतं. "अंगाला लावून ठेवलेली," तो म्हणाला, "गोठूक नको म्हणान."

मी हात पुढे केले. प्लेट बसवलेल्या हाताने त्याने माझं मनगट चोळायला घेतलं. जोर चांगलाच होता.